तरुणांची पत आणि क्रेडिट कार्ड

(मंडळाच्या नेमावर येथील मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला दिलेला प्रश्न असा आहे : पत तयार व्हावी म्हणून आपल्या तरुण मुलामुलींनी क्रेडिट कार्ड घ्यावे का? विषय घरगुती आहे, तो मंडळाच्या मेळाव्यात आणि आपल्या वार्तापत्रात कशाला, असे काहींना वाटेल. पण कर्ज द्यायचे की नाकारायचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती माणसाचे घर, शिक्षण आणि धंदा असतो. आता तर नोकरीही त्यात आली आहे. म्हणून हा सार्वजनिक प्रश्न आहे असे मी मानतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याला दरमहा स्वतःची कमाई आहे त्याने एक कार्ड घ्यायला हरकत नाही, मात्र दर महिन्याचे बिल पूर्ण भरण्याची शिस्त हवी. ज्याला कमाई नाही त्याने केवळ पत तयार करण्यासाठी कार्ड घेऊ नये. आणि कार्ड घेवो न घेवो, प्रत्येकाने आपल्या नावावर काय नोंदले जात आहे ते दर वर्षी तपासावे.

आता याची कारणे पाहू.

आपली घराणी पवार, होळकर आणि शिंदे यांच्या काळापासून माळव्यात आहेत. नेमावर हा होळकर संस्थानातला एक जिल्हा होता. त्या काळापासून आपल्याकडे पत म्हणजे घराण्याचे नाव. इंदूरच्या सराफ्यातली पेढी हुंडी सकारायची ती कागद पाहून कमी आणि लिहिणाऱ्याचे नाव पाहून जास्त. अगदी आपल्या वडिलांच्या काळापर्यंत खातेगाव-कन्नोदच्या बाजारात ‘अमक्यांचा मुलगा’ एवढे म्हटले की दुकानदार वही उघडायचा. नाव घराचे, उधारी घराची आणि फेडही घराची.

ही व्यवस्था आता बँकेच्या दारात चालत नाही. सन २००० मध्ये आपल्या देशात सिबिल ही संस्था स्थापन झाली. २००५ मध्ये संसदेने पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा केला. आज अशा चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. बँका आणि वित्त कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना पाठवतात. पूर्वी ती महिन्याला एकदा जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवणे बंधनकारक झाले. त्या माहितीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. या हिशेबात घराण्याला जागा नाही. तिथे पॅन क्रमांक असतो आणि त्या क्रमांकामागे एकच माणूस असतो. आजोबांनी आयुष्यभर कुणाचा रुपया बुडवला नाही, याचा नातवाला तिथे काहीही उपयोग नाही.

दुसरी एक अडचण आहे. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याच्याबद्दल या कंपन्यांकडे काहीच नोंद नसते. आपल्या घरांत ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ अशी शिकवण. बचत खात्यात पैसे आहेत, मुदत ठेव आहे, विम्याचे हप्ते वेळेवर जातात, डेबिट कार्ड आणि यूपीआय रोज वापरतो. यातले काहीही त्या आकड्यात सहसा धरले जात नाही. तिथे फक्त एकच गोष्ट मोजतात : उसने घेतले आणि ठरल्या दिवशी परत केले का. सरळमार्गी माणूस तिथे कोरा दिसतो, आणि मग कुणीतरी सल्ला देतो, ‘कार्ड घ्या, पत तयार होईल.’

सल्ला पूर्ण चुकीचा नाही. कार्डाचे बिल वेळेवर भरत गेले तर वर्ष-दोन वर्षांत चांगली नोंद तयार होते, आणि पुढे घरासाठी कर्ज घेताना व्याजाचा दर ठरवताना अनेक बँका हा आकडा पाहतात. वीस वर्षांच्या कर्जात अर्ध्या टक्क्याचाही फरक मोठा असतो. पण सल्ला देणारा दुसरी बाजू सांगत नाही, ती मी सांगतो.

समजा वीस हजारांचे बिल आले. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून साधारण पाच टक्के, म्हणजे एक हजार रुपये छापलेले असतात. मुलाला वाटते, हजार भरले की काम झाले. नोंद बिघडत नाही हे खरे. पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते, आणि तेही खरेदीच्या तारखेपासून. दर महिन्याला साडेतीन टक्के धरा; वीस हजारांवर सातशे रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी एकशे सव्वीस. झाले आठशे सव्वीस. भरलेल्या हजारातून मुद्दल फिटले फक्त एकशे चौऱ्याहत्तर. वर, जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डाने रोख पैसे काढले तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळे शुल्क.

साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाचे बेचाळीस टक्के. आता आपल्याच इतिहासातला एक आकडा पाहा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, १८७० च्या सुमारास. मुदत एकशे एक वर्षे आणि व्याज सालीना साडेचार टक्के. महाराजांनी वर्षाला जेवढे व्याज घेतले, जवळपास तेवढे कार्ड कंपनी एका महिन्यात घेते. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तेव्हा त्या तीस टक्क्यांच्या मर्यादेवर आता कुणी विसंबू नये.

उसनवारीने काय होते याचे उदाहरण आपल्या देवासातच आहे. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार हे बुद्धिमान, रसिक आणि लोभस राजे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये त्यांचे खासगी चिटणीस होते आणि पुढे १९५३ मध्ये त्यांनी देवासवर पुस्तक लिहिले, त्यात महाराजांविषयीचे प्रेम पानोपानी आहे. पण खर्च आणि कर्ज यांचा मेळ बसला नाही. संस्थान कर्जात बुडाले, १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. त्या गादीविषयी पूर्ण आदर ठेवून मी हे सांगतो आहे. माणूस वाईट नव्हता, हिशेब सांभाळला गेला नाही. राजाला जे चुकले नाही ते पंचवीस हजार पगाराच्या मुलाला कसे चुकेल?

म्हणून ज्यांना कार्ड घ्यायचे आहे त्यांच्यासाठी काही सूचना.

पहिले कार्ड शक्यतो मुदत ठेवीवर घ्यावे. बऱ्याच बँका ठेवीच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के मर्यादेचे कार्ड देतात. ठेवीवर व्याज चालू राहते, आणि मर्यादा आपल्या ठेवीच्या आतच राहते. त्या मर्यादेच्या पाव-तृतीयांशापेक्षा जास्त वापरू नये. मोबाइलचे बिल, पेट्रोल, अशी जी रक्कम नाहीतरी खर्च होणारच, तेवढीच त्यावर टाकावी आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सोय करावी. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करू नये. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि माणूस पैशासाठी वणवण करतो आहे असे दिसते.

वडिलांनी आपल्या कार्डावर मुलाला पुरवणी कार्ड काढून दिले तर मुलाची पत तयार होते, असा एक समज आहे. सर्वसाधारणपणे तो व्यवहार वडिलांच्याच नावावर नोंदला जातो. मुलाची पत त्याने वाढत नाही, मुलाच्या उधळपट्टीने वडिलांची मात्र बिघडू शकते.

ज्यांना कार्ड नको त्यांनी ते घेतलेच पाहिजे असे नाही. शैक्षणिक कर्ज, सोने तारण कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, यांची वेळेवर केलेली फेडही नोंदली जाते. घरात जमीन आहे आणि मुलगा शेती पाहतो, तर हंगामाचे पीककर्ज तारखेच्या आत भरणे हीच त्याची पत. इथे मला थोडे राजकीय बोलायचे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची माफी जाहीर झाली. माफीची वाट पाहत अनेकांनी भरणा थांबवला आणि थकबाकीदार झाले. पुढे २०२३ मध्ये दुसऱ्या सरकारला सहकारी संस्थांच्या थकबाकीदारांसाठी व्याजमाफीची योजना आणावी लागली. सरकारे बदलतात, घोषणा बदलतात, थकबाकीची नोंद मात्र शेतकऱ्याच्या नावावर राहते. कुठल्याही पक्षाच्या भरवशावर हप्ता थांबवू नका. तसेच बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले, तर नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. तो शेरा पुढच्या बँकेला पूर्ण फेडीसारखा दिसत नाही.

आता ज्येष्ठांना एक विनंती. आपल्याकडे भावकीत जामीन राहायला नकार देणे म्हणजे नाते तोडणे, असे मानतात. काका म्हणतात, ‘बाळा, एक सही कर.’ पण जामीनदाराच्या नोंदीतही ते कर्ज दिसते, आणि काकांनी हप्ते चुकवले तर पुतण्याचे गृहकर्ज अडते. तेव्हा काका, मामा, दादा, तुम्हीच मुलांना ही सही मागू नका. आणि मुलांनो, तुमच्या नावावर फोन किंवा मोटारसायकल हप्त्याने कुणा मित्राला घेऊन देऊ नका. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एक प्रकरण निकाली काढले. स्टेट बँकेत निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक कर्जफेडीच्या खराब नोंदीमुळे रद्द झाली होती, ती न्यायालयाने कायम ठेवली. आपल्या घरांतली किती मुले बँकेच्या परीक्षांना बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटी हक्कांविषयी. कोरी नोंद हा गुन्हा नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत त्याचा उल्लेख केला. बँकेने नाही म्हटले तर मुख्य कारणे लेखी मागा. न मागता कार्ड पाठवणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी निषिद्ध ठरवले. कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर, बाकी नसेल तर, सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचे आणि उशीर झाल्यास रोजचे पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे, असेही त्या नियमांनी ठरवून दिले. २०१७ पासून प्रत्येक माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळण्याची तरतूद आहे. त्यात चूक सापडली तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रोजचे शंभर रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू झाला. तेवढ्यानेही झाले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

मंडळाला माझी सूचना एवढीच. दर वर्षी मेळाव्याच्या दिवशी एक टेबल मांडावे. मोबाइल वापरणाऱ्या दोन-तीन मुलींनी आणि मुलांनी तिथे बसावे आणि ज्या सभासदाला हवा त्याचा मोफत अहवाल त्याच्यासमोर काढून द्यावा. अहवाल ज्याचा त्यानेच पाहावा, मंडळाने त्याची प्रत ठेवू नये. आणि एखाद्या बँकेच्या शाखेने आपल्या मुलांना कोऱ्या नोंदीवरून परत पाठवले, तर त्या सर्वांचे अर्ज एकत्र करून मंडळाने शाखाधिकाऱ्यांना आणि आपल्या खासदारांना लेखी कळवावे. एकट्या मुलाला शाखेतून परत पाठवणे सोपे असते, मंडळाच्या पत्राला उत्तर द्यावे लागते.

पूर्वजांनी आपल्याला नाव दिले. ते गावात अजून चालते, बँकेत चालत नाही. तिथे प्रत्येकाने आपापली पत स्वतः उभी करायची आहे, आणि ती उभी राहते वेळेवर फेडलेल्या पैशाने, मग तो पैसा कार्डाचा असो वा पीककर्जाचा.