‘सावकारी पाश’ आणि बाबूराव पेंटर

(पवनी येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



हातमागावर पोट भरणाऱ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांत राबणाऱ्यांच्या या पवनीत एका चित्रपट-दिग्दर्शकाचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. हा दिग्दर्शक स्वतः कारागीर होता आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला पडद्यावर आणण्याचे धैर्य त्याने १९२५ साली दाखविले.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात कारागिरांच्या घराण्यात झाला. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता ‘पेंटर’ हेच त्यांचे नाव झाले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि बाबूरावांना चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती; तेव्हा तो आपणच घडवावा, असे त्यांनी व त्यांचे आप्त आनंदराव यांनी ठरविले. १९१६ साली आनंदराव निवर्तले, तरी काम थांबले नाही. दामले यांच्यासारख्या सहकाऱ्याच्या साह्याने यंत्र सिद्ध झाले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरविले. यानंतर केवळ पुराणकथांवर निर्वेधपणे पैसा मिळविता आला असता. परंतु बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांची कथा घेऊन ‘सावकारी पाश’ काढला. त्यातील शेतकरी तरुण व्ही. शांताराम यांनी उभा केला. सावकार जमीन गिळतो आणि जमिनीचा धनी शहरातील गिरणीत मजूर होतो, एवढीच ती कहाणी. देवदेवतांच्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरविली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. बाबूरावांनी मात्र ती कहाणी सोडली नाही. १९३६ साली त्यांनी ती बोलपटाच्या रूपाने पुन्हा मांडली. पुढे ते चित्र-शिल्पांत रमले आणि १९५४ साली त्यांचे निधन झाले.

आज तो मूकपट पाहावयास मिळत नाही. त्यातील पाश मात्र विदर्भाच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. परंतु कायदा आपल्या पायांनी शेतकऱ्याच्या दारी जात नाही. पाश दाखविण्याचे काम कोल्हापूरच्या कारागिराने केले. कागदपत्रे जमवून, अर्ज लिहून, चौकशीच्या दिवशी शेतकऱ्याच्या शेजारी उभे राहण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे.