उमेदवारीचा खरा अर्थ

(नारपोली, भिवंडी येथे महाविद्यालयीन युवक-युवतींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मराठी भाषेत 'उमेदवारी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. निवडणुकीचा अर्ज भरणे हा एक अर्थ, आणि तोच आज सर्वांच्या तोंडी आहे. दुसरा अर्थ त्याहून जुना आहे. जाणत्याच्या हाताखाली राहून, प्रसंगी बिनपगारी, काम शिकणे म्हणजे उमेदवारी करणे. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, कारखान्यात अशी उमेदवारी होत असे. नारपोलीच्या यंत्रमागांवर आजही कोणी पहिल्याच दिवशी माग चालवीत नाही. आधी कांड्या भरणे, तुटलेला धागा जोडणे, आणि मग मागाला हात. सार्वजनिक जीवनात मात्र हा दुसरा अर्थ झिजून गेला व केवळ पहिला उरला. नगरांच्या दुरवस्थेचे एक मोठे कारण या शब्दाच्या ऱ्हासात दडलेले आहे.

१९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. विधानसभेसाठी किमान वय २५ असले, तरी पंचायत आणि नगरपालिका यांचे सभासद होण्यास २१ वर्षे पुरेशी मानली गेली. म्हणजे मतदार होण्याचे वय १८ आणि नगरसेवक होण्याचे २१. मधली तीन वर्षे कोणती? नेमकी महाविद्यालयाची. कायद्याने जणू उमेदवारीचा काळच आखून दिला आहे. तो वापरायचा की वाया घालवायचा, एवढेच तरुणांच्या हाती आहे.

ही केवळ कल्पना नाही. नागपूर हे विद्यापीठाचे शहर; तेथील विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. १९९२ च्या महापालिका निवडणुकीत देवेंद्र फडणवीस वयाच्या एकविशीत नगरसेवक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी कायद्याची पदवीही मिळविली. १९९७ मध्ये ते त्या नगराचे महापौर झाले, तेव्हा त्यांचे वय २७ च्या घरात होते. पुढचा प्रवास महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु त्याआधी विद्यार्थी परिषद आणि युवा मोर्चातील कामाची शिदोरी होती, हे विसरले जाते. 'विद्यार्थी हा उद्याचा नव्हे, आजचा नागरिक आहे' ही विद्यार्थी परिषदेची भूमिका अशाच अनुभवातून सिद्ध होते.

येथे कोणी म्हणेल, त्यांच्या घरी राजकारण होते. वडील गंगाधरराव विधान परिषदेचे सदस्य होते. आक्षेप रास्त आहे. मग दुसरे उदाहरण पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या महापौरपदी आर्या राजेंद्रन यांची निवड झाली. वय २१, बी.एस्सी. गणिताची विद्यार्थिनी, वडील इलेक्ट्रिशियन, आई आयुर्विम्याची एजंट. त्या मार्क्सवादी पक्षाच्या. त्यांची विचारसरणी येथील अनेकांना मान्य होणार नाही, त्यांच्या कारभारावर टीकाही झाली. तथापि प्रतिपक्षाने आपल्या मुलींना बालसंघटनेपासून घडविले आणि योग्य वेळी त्यांच्यावर भार टाकला, ही गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाही. चांगले ते कोठूनही घ्यावे, हीच आपली रीत आहे.

सातासमुद्रापार अमेरिकेतील इथाका हे कॉर्नेल विद्यापीठाचे छोटेसे नगर. तेथे स्वान्ते मायरिक हा विद्यार्थी २००७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, नगर परिषदेवर निवडून आला. एकट्या आईने वाढविलेला, बालपणी काही काळ बेघर राहिलेला हा मुलगा २०११ मध्ये महापौरपदी निवडून आला. महापौराच्या मोटारीसाठी राखलेल्या जागेची त्याने नागरिकांना बसण्यासाठी चिमुकली बाग केली. गोष्ट लहान आहे. पण पद कशासाठी असते याचे उत्तर तिच्यात आहे.

आता दृष्टी घराकडे वळवावी. भिवंडीचे विद्यार्थी ज्या महाविद्यालयात पिढ्यान्पिढ्या शिकले, त्या बी.एन.एन. महाविद्यालयाच्या नावाचा विस्तार किती जणांना ठाऊक असेल? 'भिवंडी निजामपूर नगरपालिका'! महाविद्यालयाच्या नावातच नगरपालिका आहे. विद्यार्थ्यांच्या मनात ती आहे काय, हा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक वस्तीच्या या नगराचा कारभार ९० नगरसेवकांच्या सभागृहाने पाहावयाचा असतो. २०२२ साली सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. लोकप्रतिनिधींविना नगर चालते, अशी सवय समाजाला लागणे हा लोकशाहीचा मूक पराभव होय.

आणि याचे मोल केवळ तात्त्विक नाही. २१ सप्टेंबर २०२० ची पहाट नारपोली-धामणकर नाका परिसर विसरणार नाही. पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. सुमारे चाळीस जणांचे प्राण गेले; त्यांत कितीतरी बालके होती. इमारत एका रात्रीत धोकादायक होत नाही. तडे पडतात, सळ्या उघड्या होतात, पाणी मुरते. ते शेजाऱ्यांना दिसते, वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही दिसते. प्रश्न एवढाच, की दिसलेले नोंदवून, तारखेसह लिहून, पोच घेऊन त्याचा पाठपुरावा करणारे कोणी आहे काय? मरण पावलेले कोणत्या धर्माचे, कोणत्या प्रांताचे, हे ढिगाऱ्याने पाहिले नाही. नागरिकाच्या कर्तव्यानेही ते पाहावयाचे नसते.

हेच उमेदवारीचे काम आहे, आणि त्यासाठी निवडून येण्याची वाट पाहावी लागत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी महापालिकेचा अर्थसंकल्प मिळवून वाचावा. आयुक्त तो स्थायी समितीपुढे मांडतात, तेथून तो महासभेत जातो. आपल्या प्रभागासाठी कोणत्या शीर्षाखाली किती तरतूद झाली, किती खर्च झाला, हे ताडून पाहावे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी वऱ्हाळा तलावाच्या आणि कामवारी नदीच्या पाण्याची स्थिती ऋतुमानानुसार नोंदवावी. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नेमका अर्ज कसा लिहावा हे वस्तीला शिकवावे. विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचनांसाठी मुदत असते; ती मुदत कोरी जाऊ नये, एवढे जरी तरुणांनी पाहिले तरी पुष्कळ झाले.

पालकांची भीती दुहेरी असते. अभ्यास बुडेल, आणि मुलगा 'राजकारणात' जाईल. पहिल्या भीतीला शिस्त हेच उत्तर आहे. आठवड्याचे चार तास दिल्याने पदवी बुडत नाही. दुसरी भीती अधिक खोल आहे. सज्जनांनी आपली मुले या क्षेत्रापासून दूर ठेवली, की ते क्षेत्र उरलेल्यांच्या स्वाधीन होते, आणि मग तेच सज्जन घरपट्टी भरून खड्ड्यांना दोष देतात. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर कोणाची तरी पत्नी वा सून नामधारी बसणार, की प्रभाग पायी हिंडून जाणणारी पदवीधर कन्या बसणार, याचा निर्णय घराघरांतच होत असतो.

अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारू नयेत. चार-चार सदस्यांचे विस्तीर्ण प्रभाग, निवडणुकीचा वाढता खर्च, फिरते आरक्षण, यांमुळे नवख्याची वाट बिकट होते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका थांबल्या आणि नेतृत्वाची पहिली पाठशाळाही बंद पडली. म्हणूनच प्रत्येक उमेदवार निवडून येईल असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. मात्र तीन वर्षे प्रभागाची सेवा केलेला तरुण पराभूत झाला, तरी प्रभाग एक जाणता नागरिक कमावतो. हा सौदा तोट्याचा नाही.

मागावर आधी उभा ताणा बांधला जातो, तेव्हाच आडवा बाणा त्यात विणता येतो. ताण्याविना धोटा कितीही वेगाने फिरला, तरी कापड तयार होत नाही. निवडणूक हा बाणा आहे. सेवेचा ताणा आधी हवा. तो बांधण्याचे वय अठरा ते एकवीस. नारपोलीच्या तरुणांनी त्यासाठी आपल्या गल्लीपासून आरंभ करावा.