टवक्यांवाचून काप
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



अशा व्यासपीठावरून विद्येवर, हुंड्यावर किंवा वसतिगृहाच्या निधीवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही आज करवतीवर बोलणार आहोत. सुतारांच्या मेळाव्यात हा विषय अप्रस्तुत मानला जाणार नाही, अशी आशा आहे. आपली मुले आज ज्या फळ्या कापतात, त्या आपल्या आजोबांनी पाहिल्या नव्हत्या. आणि त्या फळीवरून उडालेला एक टवका अंगावर कामे घेणाऱ्या मुलाची दिवसाची मजुरी घेऊन जातो.

साग कापताना करवतीचा शब्द अखेरचा नसे. तिच्यामागून रंधा येई आणि तिचे अपराध पोटात घाली. पुढे प्लायवूडवर सनमायका डकवण्याचे दिवस आले. तेव्हाही पत्रा सूत-दोन सूत बाहेर ठेवून चिकटवावा व मागाहून कानशीने कड मारावी, एवढी सवड होती. आता फळी कारखान्यातूनच दोन्ही अंगांस मेलामाइनचा थर बसवून येते. हा थर कठीण, पण काचेसारखा ठिसूळ. त्याखाली लाकडाच्या कणांचा भुसभुशीत गाभा. येथे रंध्याला जागाच नाही. करवतीने केले तेच कायम, म्हणून जी काळजी पूर्वी कापानंतर घेता येई, ती आता कापाआधीच घेतली पाहिजे.

टवका उडतो कसा, हे प्रथम पाहू. हातातल्या गोल करवतीचे दाते फळीत खालून शिरतात आणि वर बाहेर पडतात. शिरताना थर गाभ्यावर दाबला जातो, म्हणून खालची कड सहसा शाबूत राहते. बाहेर पडताना मात्र थराला वरून कसलाच आधार नसतो. तो उचलला जातो आणि तुटतो. यावरूनच चांगली बाजू खाली ठेवण्याचा नियम पडला. (मेजावरच्या करवतीत दाते वरून खाली येतात, तेथे हाच नियम उलटा.) पण जिची दोन्ही अंगे दिसायची, त्या कपाटाच्या फळीला उलटी बाजू कोठली?

रुळावरून चालणाऱ्या करवतीने, जिला मुले ट्रॅक सॉ म्हणतात, ही अडचण पुष्कळशी सोडवली आहे. ॲल्युमिनियमच्या रुळाच्या कडेला रबरासारखी एक पट्टी असते. नव्या रुळावर करवत पहिल्यांदा चालवली की ती पट्टी पात्याच्या रेषेतच कापली जाते. त्यानंतर पट्टीची कड हीच कापाची रेषा, आणि तीच कड दाते बाहेर पडतात तेथे थराला वरून दाबून धरते. पुष्कळांचा घोटाळा नेमका येथे होतो. दुसऱ्या जाडीचे पाते चढवले, किंवा मित्राची करवत आपल्या रुळावर चालवली, की पट्टी आणि पाते यांत फट पडते. फट पडली की आधार गेला, आणि मग दोष फळीला दिला जातो! पट्टी झिजली तर ती बदलावी. रुळाच्या मानाने ती फार स्वस्त आहे.

पट्टी राखते ती रुळाखालची बाजू. रुळाबाहेरचा तुकडाही वापरायचा असेल, तर आधी पाते दीड-दोन मिलिमीटरच खोल ठेवून एक हलका फेर मारावा. एवढ्या उथळ कापात दाते थराला जवळजवळ आडवे लागतात, उभे उचलत नाहीत. मग रूळ न हलवता पूर्ण खोलीचा काप घ्यावा. पाते फळीखाली दोन-तीन मिलिमीटरच उतरावे. मात्र खोली मोजताना रुळाची जाडी धरावयास विसरू नये.

पात्याविषयी थोडेसेच. 160 मिलिमीटरच्या पात्याला 48 किंवा अधिक दाते असावेत. या थरासाठी एक दाता सपाट व एक कोपरे छाटलेला, अशी आलटून-पालटून रचना उत्तम. दात्यांवर राळ जमली की धारदार पातेही बोथटासारखे वागते. तेव्हा नवे घेण्याआधी ते पुसून पाहावे.

फळी दोन घोड्यांवर टाकून मधोमध कापणे आम्हांस मुळीच पसंत नाही. काप संपत येताच तुकडा स्वतःच्या भाराने लोंबतो आणि शेवटचा कोपरा घेऊन पडतो. जमिनीवर थर्माकोलचा जाड तक्ता अंथरून त्यावर पूर्ण फळी निजवावी. दोन्ही भागांस अखेरपर्यंत आधार मिळतो. करवत अडखळू न देता एका चालीने पुढे न्यावी. फार रेंगाळल्यास कड करपते, घाई केल्यास टवके उडतात. तोंडाला मुसके बांधावे आणि करवतीला धूळ ओढणारे यंत्र जोडावे, कारण हा भुसा सागाचा नव्हे, त्यात राळही असते.

मंडपाच्या डाव्या अंगास एकाच फळीचे दोन तुकडे ठेवले आहेत. एक झिजलेल्या पट्टीने कापलेला, दुसरा नव्या. जेवणाआधी त्यांच्या कडांवरून बोट फिरवून पाहावे. पहिल्यावर जरा जपून.