आपण हरलों



मराठी भाषेंत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. इंग्रजींत या दोहोंचें काम एकाच शब्दावर भागतें. मराठींत मात्र ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचें असेल तर 'आम्ही' आणि त्याला जवळ घेऊन बोलावयाचें असेल तर 'आपण', हा भेद लहान मूलही न शिकवितां पाळतें. मैदानाबाहेर बसून एखाद्या संघावर जीव टाकणारा प्रेक्षक यांतील कोणता शब्द केव्हां उच्चारतो, आणि दोन्ही टाकून देऊन 'ते' केव्हां म्हणूं लागतो, यांत त्याच्या प्रेमाची परीक्षा होत असते. आजच्या भाषणाचा विषय हा प्रेक्षक आहे. आणि तोही विजयाच्या दिवशींचा नव्हे, तर पराभवाच्या रात्रींचा.

खराडी हें पुणें शहराच्या पूर्वेचें, मुळा-मुठेच्या कांठचें जुनें गांव. नगर रस्ता त्याच्या अंगावरून जातो. १९९७ सालीं हें गांव महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत जेथें शेतें होतीं तेथें संगणकाच्या कचेऱ्यांच्या कांचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. या कचेऱ्यांत काम करणारे तरुण विदर्भ, खानदेश, मराठवाडा येथून आले, तसेच दूरच्या परप्रांतांतूनही आले. जुना गांवकरी आणि नवा भाडेकरी एकाच छपराखालीं राहूं लागले. परंतु त्यांचें बोलणें बहुधा भाडें, पाणी आणि गाडी लावण्याची जागा यांपलीकडे जात नसे. दोघांचें गांव निराळें, सणावारांच्या चाली निराळ्या, जेवणाच्या वेळाही निराळ्या. अशा वस्तींत सर्वांना एका दमांत 'आपण' म्हणतां यावें अशी गोष्ट दुर्मिळच असते. पुण्याच्या नांवानें खेळणारा संघ ही अशी एक गोष्ट होय.

२१ मे २०१७ चा रविवार घ्यावा. त्या रात्रीं हैदराबादेस इंडियन प्रीमियर लीगचा अंतिम सामना होता. एका बाजूस मुंबई इंडियन्स, दुसऱ्या बाजूस रायझिंग पुणे सुपरजायंट. त्या मोसमांत पुण्यानें मुंबईला एकदां आपल्या मैदानावर आणि दोनदां खुद्द वानखेडेवर, असें तीन वेळां नमविलें होतें. अंतिम सामन्यांतही मुंबईचे सात गडी ७९ धांवांत परतले. कृणाल पंड्यानें ४७ धांवा काढून डाव कसाबसा ८ बाद १२९ पर्यंत नेला. जिंकण्यास १३० धांवा हव्या होत्या. पुण्याच्या घराघरांत विजय जणूं उंबरठ्यावर येऊन उभा होता.

खराडींतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. तळमजल्यावर जुना शेतकरी, ज्याला सारे आबा म्हणतात. वरच्या मजल्यावर भाडेकरी. त्यांत वर्ध्याकडचा एक तरुण कारकीर्दीच्या पहिल्या वर्षांतला. मोसमभर तो सामन्याच्या वेळीं खालीं येऊन बसत असे, आणि 'आबा, आज आपण जिंकतों पहा,' असें म्हणत असे. त्या रात्रींही तो आला. आबांच्या सुनेनें सर्वांना चहा दिला. शेवटच्या षटकांत ११ धांवा हव्या होत्या आणि सात गडी हातीं होते. मिचेल जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीनें चौकार मारला. घरांत एकच गलका उडाला. दुसऱ्या चेंडूवर तिवारी झेल देऊन परतला. तिसऱ्यावर ५१ धांवा काढून झुंजणारा कर्णधार स्टीव्ह स्मिथही झेलबाद झाला. गलका थांबला. पुढील दोन चेंडूंवर मिळून तीन धांवा. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन मिळाल्या, तिसरी घेतांना गडी धांवचीत झाला. पुणें ६ बाद १२८. एका धांवेनें पराभव.

मोठ्या फरकानें हरणें माणूस लवकर विसरतो. थोडक्यांत हरणें मात्र रात्रभर उशाशीं बसून राहतें. याचें कारण उघड आहे. शंभर धांवांनीं हरलेल्या सामन्यांत मनाला खेळण्यास जागाच नसते. एका धांवेनें हरलेल्या सामन्यांत मात्र मन शंभर ठिकाणीं ती एक धांव शोधीत फिरतें. १९९२ सालच्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंचे चेहरे पाहून अमेरिकेंतील कांहीं मानसशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, रौप्यपदक मिळविणाऱ्यांपेक्षां कांस्यपदक मिळविणारे अधिक आनंदी दिसत होते. एकाच्या मनांत हुकलेलें सुवर्ण, तर दुसऱ्याच्या मनांत मिळालेलें पदक! प्रेक्षकाचेंही तसेंच. घरोघर त्या रात्रीं न्यायालय भरलें. तिसऱ्या षटकांत तो चेंडू का सोडला, मधल्या षटकांत धांवा इतक्या मंद का पडल्या, अमक्याला आधीं का पाठविलें नाहीं. आरोपी हैदराबादेस, फिर्यादी खराडीस, आणि न्यायाधीशही तेच.

या न्यायालयांत एक गोष्ट हटकून विसरली जाते. ती म्हणजे समोरचा संघही जिंकण्यासाठींच उतरला होता. ११ धांवा राखणाऱ्या जॉन्सनचें कौतुक त्या रात्रीं पुण्यांत किती ओठांवर आलें असेल? आपला संघ हरला कीं तो स्वतःच्या चुकीनेंच हरला असें मानण्यांत एक प्रकारचा अहंकार लपलेला असतो. आपल्याला कोणी हरवूं शकत नाहीं, आपणच आपल्याला हरवितों, असा त्याचा अर्थ. पराभवाची पहिली शिस्त अशी कीं, जिंकणाऱ्याला त्याचें श्रेय द्यावें.

असो. तो वर्ध्याचा तरुण उठला आणि जिन्याकडे जातां जातां म्हणाला, 'या पुणेवाल्यांना जिंकतांच येत नाहीं.' आबांनीं त्याला हांक मारली. म्हणाले, 'बस जरा. दुपारपर्यंत आपण होतों, आतां पुणेवाले कधीं झालों रे?'

आबांचा हा प्रश्न विद्वानांनींही विचारलेला आहे. रॉबर्ट चाल्डिनी नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९७६ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला कीं सोमवारीं अधिक विद्यार्थी विद्यापीठाच्या नांवाचे कपडे घालून येतात. आणि सामन्याचें वर्णन करतांना विजयाविषयीं 'आम्ही जिंकलों' म्हणण्याकडे, तर पराभवाविषयीं 'ते हरले' म्हणण्याकडे त्यांचा कल असतो, असें त्यांना आढळलें. वर्धा असो वा अमेरिका, मनुष्यस्वभाव एकच. विजयाच्या पंक्तीला सारे बसतात. उष्टीं काढण्याच्या वेळीं मात्र घर रिकामें होतें.

पुण्याच्या बाबतींत तर याहून मोठा घाव पुढेंच होता. तो संघ मुळांत दोनच वर्षांसाठीं जन्मला होता. चेन्नई व राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली, म्हणून २०१६ व २०१७ या दोन मोसमांपुरती पुण्याला जागा मिळाली. पहिल्या वर्षीं तर राज्यांतील दुष्काळामुळें मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें मे महिन्यांतील सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले, आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला आपलें घर मानून खेळला. २०१८ सालीं जुने संघ परतले आणि पुण्याचा संघ नाहींसा झाला. त्याआधीं २०११ ते २०१३ या काळांत पुणे वॉरियर्स नांवाचा संघही असाच येऊन गेला होता. म्हणजे त्या मे महिन्याच्या रात्रीं जो प्रेक्षक 'पुढच्या वर्षीं पाहूं' म्हणून झोपला, त्याला पुढचें वर्षच नव्हतें. चषकाची हुकलेली धांव परत मिळवितां येते. परंतु संघच नसेल तर ती मिळवावयाची कोणी?

या दुःखाची जात समजावी म्हणून क्षणभर ऑस्ट्रेलियाकडे पहावें. तेथें लंबवर्तुळाकार मैदानावर अठरा-अठरा गड्यांचा एक निराळाच फुटबॉल खेळतात. मेलबर्न शहरांतील त्याचे जुने संघ आपल्याकडील पेठांसारख्या वस्त्यांच्या नांवांनीं ओळखले जातात, आणि घराण्यांत दैवत चालावें तशी संघाची निष्ठा बापाकडून मुलाकडे चालते. १९७० सालच्या अंतिम सामन्यांत कॉलिंगवुड हा संघ मध्यंतरास ४४ गुणांनीं पुढें होता, आणि सव्वा लाखाच्या आसपास प्रेक्षकांसमोर तो कार्लटनकडून १० गुणांनीं हरला. सेंट किल्डा या संघानें आपलें एकमेव अजिंक्यपद १९६६ सालीं अवघ्या एका गुणानें मिळविलें; त्यानंतर २०२५ पर्यंत त्याला दुसरें मिळालें नाहीं. तरीही त्यांचे लोक दर हंगामांत मैदानावर येत राहिले. कारण संघ होता. म्हणून आशा होती. याउलट फिट्झरॉय या जुन्या संघानें १९९६ सालीं आपला शेवटचा सामना खेळला आणि पैशाच्या ओढाताणीपायीं तो दूरच्या ब्रिस्बेनच्या संघांत विलीन झाला. पुढें त्या संयुक्त संघानें २००१ पासून ओळीनें तीन अजिंक्यपदें जिंकलीं. फिट्झरॉयच्या कांहीं चाहत्यांनीं तीं आपलीं मानलीं, कांहींना तें कधींच जमलें नाहीं. पराभव सोसतां येतो. आपल्या वस्तीचें नांव पुसलें गेलेलें सोसणें कठीण.

आतां पुन्हां पुण्याकडे यावें. क्रिकेटचा संघ गेला. पण कबड्डीचा राहिला. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हांपासून पुणेरी पलटण हा संघ तींत आहे. पहिल्या मोसमांत तो तळाशीं राहिला. तरी तो टिकला. आबांना या खेळाचें अप्रूप निराळेंच; कारण त्यांच्या लहानपणीं नदीकांठच्या मोकळ्या जागेंत पोरें हुतूतू खेळत, आणि 'दम' धरणें म्हणजे काय हें त्यांनीं पुस्तकांतून नव्हे, छातीनें शिकलेलें होतें.

१७ डिसेंबर २०२२ रोजीं पलटण प्रथमच अंतिम सामन्यांत पोहोंचली. सामना मुंबईस, प्रतिस्पर्धी जयपूर पिंक पँथर्स. संघाचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन मोठे चढाईपटू दुखापतीमुळें मैदानाबाहेर होते. पलटण ३३-२९ अशी हरली. चार गुण! पुन्हां तेंच न्यायालय, पुन्हां तेंच 'ते दोघे असते तर'. तो वर्ध्याचा तरुण, जो आतां खराडींतच घर घेऊन राहिला होता, आबांकडे सामना पाहून उठला आणि कांहींच बोलला नाहीं. आबाच म्हणाले, 'आमच्या वेळीं जत्रेंत शेजारच्या गांवाकडून हुतूतूंत हरून आलों, तर वाटेंत कोणी बोलत नसे. पण घरीं आल्यावर आईनें भाकरी कमी वाढली असें कधीं झालें नाहीं. हरलेल्या पोराला भूक जास्तच लागते.'

या एका वाक्यांत चाहत्याचा धर्म सांठविलेला आहे. संघ जिंकतो तेव्हां त्याला टाळ्या देणारे पुष्कळ असतात. हरतो तेव्हां भाकरी वाढणारे थोडे. ही भाकरी म्हणजे चुका झांकणें नव्हे. चूक ती चूक, आणि ती स्पष्ट बोलून दाखविण्याचा अधिकार घरच्या माणसालाच अधिक. परंतु घरचा माणूस चूक सांगून ताट पुढें करतो. परका शिव्या देऊन दार लावून घेतो. आजकाल सामना हरला कीं खेळाडूला, त्याच्या आईबापांना, बायकामुलांना अपशब्द लिहून पाठविण्याची जी चाल पडली आहे, तींत प्रेमाचा अंशही नाहीं. ज्यानें हातापायांचीं हाडें पणाला लावलीं त्याला, ज्यानें गादीवर बसून चहा घेतला त्यानें भ्याड म्हणावें, हा कोठला न्याय?

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. २०२२ च्या अंतिम सामन्यास मुकलेला तोच अस्लम इनामदार संघनायक झाला, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस पलटणीनें हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें हरवून पहिलें अजिंक्यपद मिळविलें. पंकज मोहितेच्या एकाच चढाईंतील चार गुणांनीं त्या सामन्याचें पारडें झुकलें. ज्या हैदराबाद शहरीं पुण्याचें स्वप्न एका धांवेनें मोडलें होतें, त्याच शहरीं दुसऱ्या खेळांत तें तीन गुणांनीं पुरें झालें. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्लींत पलटण पुन्हां अंतिम सामन्यांत उतरली. गुण पुन्हां २८च मिळाले. परंतु या वेळीं दबंग दिल्लीनें ३१ मिळविले. जे २८ गुण एका वर्षीं चषक देतात, तेच दुसऱ्या वर्षीं रिकाम्या हातांनीं परत पाठवितात. यश केवळ आपल्या कर्तृत्वावर नसून समोरच्याच्या कर्तृत्वावरही अवलंबून असतें, हें सांगण्यास याहून सरळ हिशेब कोणता हवा?

मराठी माणसाला पराभवाची ओळख नवी नाहीं. मोठा नाश झाला कीं 'पानिपत झालें' असें तो आजही म्हणतो; पण पानिपतानंतर दहा वर्षांनीं, १७७१ सालीं, मराठी फौजा पुन्हां दिल्लींत शिरल्या, हें त्याला तितक्या चटकन आठवत नाहीं. खेळांतला पराभव पानिपताएवढा नव्हे. त्यांत कोणाचें रक्त सांडत नाहीं, म्हणूनच तो पराभव सोसण्याची संवय करण्यास उत्तम शाळा आहे.

त्या ऑक्टोबरच्या रात्रींही खराडींतील अनेक घरांत दिवे उशिरापर्यंत जळत राहिले असतील. आबांच्या घरीं तो वर्ध्याचा गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता असें समजावें. सामना संपल्यावर तिनें विचारलें, 'बाबा, ते हरले?'

तो म्हणाला, 'ते नव्हे, बाळ. आपण हरलों. दिल्ली चांगली खेळली.'

आबांनीं सुनेला आंत हांक मारून पानें घ्यावयास सांगितलीं.