मासे आणण्यापूर्वी



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनस आणि पगारवाढ सोडून माशांच्या पेटीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आमच्या हातून मेलेल्या सहा माशांनी जे शिकविले, ते चारचौघांत सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. आपल्या भागातून गिरणीत कामाला गेलेल्यांची मुले ते पाहून आली की, घरी तशी पेटी हवी म्हणून हट्ट धरीत. आता पेटीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. आमच्या कचेरीत यंत्रमाग कामगारांची मुले अभ्यासाला बसतात, त्यांच्यासाठी आम्ही एक आणली. सकाळी पाणी भरले, संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडले. नवव्या दिवशी शेवटचा मासा उताणा तरंगला. एका मुलीने विचारले, "काका, आपण तर त्यांना रोज खायला घालत होतो. मग ते मेले कशाने?" कोणी म्हणाले, माशांचे आयुष्यच तेवढे. हे खरे नव्हे. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहूनही अधिक जगतो.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसते, पण कल्ले आतून भाजत असतात. नदीत किंवा जुन्या तळ्यात हा अमोनिया साठत नाही, कारण तेथे दोन प्रकारचे सूक्ष्म जंतू कामाला असतात. एक अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही विषच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि त्याला प्राणवायू वाहता येत नाही. दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि ते थोड्या प्रमाणात माशाला बाधत नाही. आमच्या नव्या पेटीत हे कामगार पुरेसे नव्हतेच. आम्ही जितके अधिक खाऊ घातले, तितके विष वाढविले.

या ज्ञानाचा इतिहास मनोरंजक आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पेटीतील जीवनाचा समतोल दाखविला. पुढे त्यांच्याच नावाच्या मुलाने रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात, अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया दोन टप्प्यांत घडते हे सिद्ध केले. ते जंतू वेगळे करून दाखविले विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९० साली. बापाच्या पेटीत जे निमूटपणे घडत होते, त्याचा उलगडा मुलाने शेतातल्या मातीत केला.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन ५६ किलो. तेव्हा टेबल भक्कम व सपाट हवे, आणि पेटीखाली थर्माकोल हवा. पेटीवर थेट ऊन येऊ देऊ नये. रिकाम्या पेटीत पाणी भरून एक दिवस गळती पाहावी. साबण लावू नये. ओढ्याची जाड वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुवावी, आणि तिच्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तीत चुनखडी आहे. ती पाणी जड करते. जड, अल्कधर्मी आणि कोमट पाण्यात अमोनिया अधिक मारक होतो, हे आपण उन्हाळ्यात विशेष ध्यानात ठेवले पाहिजे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि जंतूंना, दोघांनाही मारते. पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे, किंवा फोटोग्राफर वापरीत तो हायपो बेताने घालावा. मग हवेचा पंप आणि स्पंजची गाळणी सुरू करावी. हे जंतू मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत. स्पंजावर आणि वाळूवर वस्ती करतात. मासे नसताना रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जंतूंना अमोनिया मिळेल. आधी अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते. तपासणीच्या पट्टीवर दोन्ही शून्य आली आणि नायट्रेट दिसू लागले, की घर तयार झाले. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंज मिळाला तर हे काम लवकर होते. दुधाला विरजण लावावे तसेच ते आहे.

त्यानंतर प्रथम दोन-तीनच मासे आणावेत. हिवताप टाळण्यासाठी विहिरीत सोडतात ते गप्पी मासे आरंभाला चांगले. पिशवी वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवून मग त्यांना सोडावे. स्पंज नळाखाली कधी धुवू नये. पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा.

कोणी विचारील, १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या, टेंभूच्या पाण्याची वाट पाहिलेल्या खानापूर तालुक्यात ही चैन कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलताना जे निघते, त्यात नायट्रेट असते, म्हणजे खतच. आमच्या कचेरीतील तुळस आणि दारचा कढीपत्ता त्याच पाण्यावर वाढतो. मेलेल्या माशांचे पाणी मात्र आम्ही गटारात ओतले होते. खरी उधळपट्टी ती होती.

शेडमध्ये वीस माणसे कामाला लावायची आणि संडास-मोरी मागाहून बांधू म्हणायचे, याविरुद्ध आम्ही आयुष्यभर भांडलो. आणि स्वतःच्या कचेरीत सहा जिवांच्या बाबतीत नेमके तेच केले! दुसऱ्या वेळी पेटी पाच आठवडे रिकामी ठेवली. मुले रोज विचारीत, "काका, मासे केव्हा?" आम्ही पट्टी त्या मुलीच्याच हाती दिली. ज्या दिवशी तिने "आज दोन्ही शून्य" असे सांगितले, त्याच दिवशी मासे आले. आज ते जिवंत आहेत.