शयनगृहाच्या भिंतीवरील नक्षीपट्ट्या
१८व्या शतकातील इंग्लंडच्या जॉर्जियन घरांत भिंतीच्या उंचीची विभागणी अभिजात स्तंभाच्या प्रमाणांवरून केली जाई. तळाशी जमिनीलगतची स्कर्टिंग, कमरेच्या उंचीवर डेडो-रेल, म्हणजे खुर्चीच्या पाठीने गिलावा खरवडला जाऊ नये म्हणून ठोकलेली आडवी पट्टी, आणि छताच्या सांध्यावर कॉर्निस, म्हणजे कंगोरेदार पट्टी. आजच्या शयनगृहात भिंतीला खुर्च्या क्वचितच टेकतात, तरी पट्टी टिकून आहे. पलंगामागील भिंतीवर अशा पट्ट्यांच्या चौकटी बसवून त्या भिंतीच्याच रंगात रंगवल्यास उठाव सावलीने मिळतो; मात्र टोके ४५ अंशांत नेमकी कापली नाहीत, तर कोपऱ्यातील फट रंगानंतरही डोळ्यांत खुपते. लाकडाचे तंतू दाबून केलेली एमडीएफची पट्टी ओलीने फुगते, म्हणून कोकणासारख्या दमट प्रदेशात पीव्हीसीची पट्टी अधिक योग्य ठरते.