हमी आणि तिजोरी



सरकारी अंदाजपत्रक म्हटलें कीं पुष्कळांस कंटाळा येतो. मार्च महिन्यांत अर्थमंत्री विधानसभेंत भाषण करतात, दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आंकडे छापून येतात, आणि काय महागलें व काय स्वस्त झालें एवढें पाहून आपण पान उलटतों. परंतु राज्य कोणास काय देऊं करतें आणि तें कोणाच्या खिशांतून देतें, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्याच आंकड्यांत असतात. आज एक उदाहरण घेऊन तीं पाहूं.

पुणें जिल्ह्यांतील मोरगांव आपणांपैकीं बहुतेकांस मयूरेश्वराच्या दर्शनानिमित्त ठाऊक आहे. अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ येथूनच करण्याची प्रथा आहे. गांव कऱ्हेच्या कांठीं वसलेलें. पण कऱ्हेचें पात्र वर्षांतून बराच काळ कोरडें असतें. ह्याच बारामती तालुक्याच्या दक्षिण भागांतून नीरेचा डावा कालवा वाहतो व पुढें इंदापुराकडे जातो. कालव्याखालीं ऊंस, तर मोरगांव-सुपें बाजूस जिराईत माळ, बाजरी आणि पावसाची वाट. अलीकडे उपसा सिंचनानें कांहीं शिवारांस पाणी मिळूं लागलें आहे. तरी एकाच तालुक्यांत हे दोन प्रांत पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदत आले आहेत. पाऊस चुकला कीं माळावरच्या मजुरास शेतांत काम उरत नाहीं. बाजारांत धान्य असलें तरी तें घेण्यास हातीं पैसा नसतो.

१९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर ही पाळी आली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणें अशीं कामें सरकारनें काढलीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत त्यांवरील मजुरांची संख्या सुमारें ५० लक्षांपर्यंत गेली. परंतु असें दुष्काळी काम मिळणें हें सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. दुष्काळ जाहीर झाला तर काम, न झाला तर नाहीं. इंग्रजी अमदानींतील दुष्काळ संहितेपासून हाच रिवाज होता. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं निराळा विचार मांडला. अंगमेहनत करावयास जो तयार आहे त्यास काम मागण्याचा हक्कच असावा, हा तो विचार. त्यांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांच्या आंत काम, नाहीं तर बेकारी भत्ता, असें वचन एका राज्यानें कायद्यानें दिलें.

आतां तिजोरीची अडचण पाहा. एरवीं सरकारी योजनेचा मार्ग ठरलेला असतो. खातें आपली मागणी करतें, अर्थखातें तींत काटछांट करतें, विधानसभा अनुदान मंजूर करते, आणि कोषागारांतून पैसा सुटतो. तो संपला कीं काम थांबतें. पुरवणी मागणी मंजूर झाली तरच पुन्हा चालूं होतें. पण हमीला ही रीत पुरी पडत नाहीं. अंदाजपत्रक मार्चांत मांडावयाचें आणि पाऊस जूनमध्यें यावयाचा. मग किती माणसें काम मागतील हें मार्चांत कोणी सांगावें? म्हणून ह्या योजनेसाठीं स्वतंत्र निधि निर्माण केला गेला आणि त्यास नांवानिशीं कर जोडून दिले. १९७५ च्या कायद्यानें बसविलेला व्यवसाय कर हा त्यांतील मुख्य. शिवाय मोटारींवरील जादा कर, विक्रीकरावरील अधिभार, आणि बागाइती जमिनींवरील विशेष आकारणीहि त्यांत होती. ह्या करांतून जितकी रक्कम येईल तितकीच सरकारनें आपल्या सर्वसाधारण उत्पन्नांतून घालावी, असेंहि ठरलें. म्हणजे कालव्याखालच्या ऊंसवाल्यानें आणि मुंबई-पुण्याच्या पगारदारानें माळावरच्या मजुराच्या हमीस हातभार लावावा, अशी ही योजना होती.

आपल्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारींत ३०० रुपयांची वजावट दिसते ती ह्याच कराची. पूर्ण दरानें वर्षाचे २,५०० रुपये होतात. ही कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीनें ठरली. तेव्हांपासून पगार व मजुरी कितीहि वाढली तरी ती मात्र तेथेंच आहे.

परंतु कर वसूल झाला म्हणजे हमी पाळली गेली असें नव्हे. कराची रक्कम प्रथम राज्याच्या एकत्रित निधींत जाते; तेथून ती हमीच्या निधींत वळती करावी लागते. १९९० नंतर अनेक वर्षें असें घडलें कीं हमीसाठीं म्हणून गोळा झालेला पैसा योजनेवरील खर्चाहून अधिक होता. मागणीच नव्हती म्हणून खर्च झाला नाहीं, असें त्याचें समर्थन करतां येईल. पण काम उघडलेंच नाहीं, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, तर मजूर दुसरी वाट धरतो; आणि मग कागदावर मागणी कमीच दिसते. शिल्लक राहिलेला पैसा ही प्रत्येक वेळीं काटकसर नसते.

२००५ सालीं संसदेनें देशासाठीं असाच कायदा केला. त्यानें १०० दिवसांच्या अकुशल मजुरीचा भार केंद्रावर टाकला, आणि त्यापुढील दिवसांची जबाबदारी महाराष्ट्रानें आपल्या कायद्याप्रमाणें आपल्याकडे ठेविली. २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत १२५ दिवसांची हमी आहे, पण बहुतेक राज्यांनीं खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा असें ठरविलें आहे. म्हणजे राज्याची तिजोरी ह्या वचनाच्या केंद्रस्थानीं पुन्हा येत आहे.

तेव्हां पुढच्या मार्चांत एवढें करावें. भाषणांतील घोषणा बाजूस ठेवून अंदाजपत्रकाचे तीन रकाने पाहावे : पुढील वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारलेला अंदाज, आणि मागील वर्षीं प्रत्यक्ष झालेला खर्च. पहिल्यांत सरकारची इच्छा दिसते, दुसऱ्यांत वर्षभराची ओढाताण, आणि तिसऱ्यांत वचन कितपत पाळलें गेलें तें. मोरगांवच्या माळावरील मजुराच्या हातीं हीं पुस्तकें क्वचितच पडतात. आपल्या हातीं तीं पडूं शकतात, आणि त्यांतील कांहीं पैसा आपलाच आहे. म्हणून हिशेब विचारण्याचें काम प्रथम आपल्याकडे येतें.